सीटखालचे झाकण

त्या जीपच्या समोरच्या जाळीत सात फटी होत्या, मागे उघडणारा फाळका होता, इंजिनावरचा क्रमांक ‘जे’ या अक्षराने सुरू होत होता आणि मालकाजवळच्या कागदावर ‘१९४६, विलिज’ असे स्वच्छ टंकलेले होते. युद्धानंतरच्या नागरी जीपच्या या चारही साक्षी एकमेकींशी इतक्या जुळत होत्या की गाडीची ओळख पटवण्याचे काम मी पाच मिनिटांत उरकले आणि किमतीच्या घासाघिशीची मनातल्या मनात तयारी करू लागलो. तेवढ्या वेळात माझे वडील, आप्पा, गाडीभोवती दोन फेऱ्या घालून आले आणि म्हणाले, “पेट्रोल कुठनं घालत्यात हिच्यात?”

आम्ही उभे होतो ते वायव्य ओहायोतल्या एका शेतावरच्या लाकडी कोठारात. टोलेडो शहर तिथून गाडीने तासाभरावर आहे. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहराजवळ राहतो, आणि टोलेडोजवळ राहायचे म्हणजे जीपच्या माहेरी राहायचे. जीपा बनवणाऱ्या विलिज-ओव्हरलँड कंपनीचा जुना कारखाना पाडून टाकला आहे. त्या जागेवर विटांमध्ये ‘ओव्हरलँड’ अशी उभी अक्षरे असलेले एक धुराडे तेवढे राखून ठेवले आहे. त्या धुराड्यावरून रोज येता-जाता मला जुन्या जीपांचे वेड लागले. आप्पा त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. साताऱ्याकडे एका सरकारी खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे जीप चालवली. नायगारा पाहून झाला, मोठी दुकाने पाहून झाली, आणि तिसऱ्या महिन्यात ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू लागले, तेव्हा मी त्यांना या कोठारात घेऊन आलो. त्यांच्याकडून काही शिकायला मिळेल अशी अपेक्षा, खरे सांगायचे तर, मी ठेवली नव्हती. मी पुस्तके वाचून, आकडे पाठ करून गेलो होतो.

आप्पांच्या जीपला पेट्रोलचे झाकण बाहेरून, ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यात होते. इथे त्या जागी सपाट पत्रा होता. मी मालकांना विचारले. ऐंशीच्या घरातले ते शेतकरी गृहस्थ हसले, पुढे आले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या सीटची गादी उचलली. खाली टाकी होती आणि टाकीच्या माथ्यावर मोठ्या डब्याच्या झाकणासारखे रुंद झाकण होते.

“म्हंजे तेल भराय दर टायमाला डायवरनं उठायचं,” आप्पा म्हणाले. मी भाषांतर करून सांगितले. आपले वडीलही पंपावर हीच कुरकूर करत असत, असे मालक म्हणाले.

त्या झाकणाने माझ्या चारही साक्षी एका दमात फुटल्या. युद्ध संपत असताना, जुलै १९४५मध्ये, विलिजने शेतकऱ्यांसाठी म्हणून जी पहिली नागरी जीप बाजारात आणली तिचे नाव सीजे-२ए. तिची टाकीही ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे, परंतु पेट्रोल भरण्याचे तोंड बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढलेले आहे. सीट उचलून पेट्रोल भरावे लागते ती सैन्याची गाडी. एकदा ही शंका आल्यावर ज्या गोष्टी मी पाहूनही पाहिल्या नव्हत्या त्या दिसू लागल्या. सीजे-२एच्या बॉनेटच्या दोन्ही अंगांना ‘विलिज’ ही अक्षरे पत्र्यातच उठवलेली असतात. इथले बॉनेट कोरे होते. सुरुवातीच्या सीजे-२एमध्ये गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या दांड्यावर असायचा. इथे तो खाली जमिनीतून आलेला होता. हे सगळे मला ठाऊक होते. फटी मोजण्याच्या नादात मी तिकडे लक्षच दिले नव्हते.

जुन्या अमेरिकन रानवाटांच्या गाड्या ओळखणे बहुतेक वेळा एवढे अवघड नसते. इंटरनॅशनल हार्वेस्टरची १९६१ साली आलेली स्काउट किंवा फोर्डची १९६६ सालापासूनची ब्रॉन्को घ्या. क्रमांकाची पट्टी शाबूत असेल तर कोष्टक लावून कारखाना, इंजिन वगैरे बरेच काही वाचता येते. युद्धकाळातल्या जीपची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावरच्या पट्ट्या डॅशबोर्डवरच्या लहान कप्प्याच्या झाकणावर बसवलेल्या असतात, त्या सहज निघतात, आणि हुबेहूब नव्या पट्ट्या आज विकतही मिळतात. म्हणून जाणकार माणूस पट्टीवर शेवटी विश्वास ठेवतो आणि चासीवर आधी. मी अंगातले जाकीट काढून जमिनीवर अंथरले आणि गाडीच्या पुढच्या बंपरखाली आडवा झालो.

रेडिएटरच्या खाली, चासीच्या दोन उभ्या पट्ट्यांना जोडणारी एक आडवी पट्टी असते. विलिजने बनवलेल्या एमबी या सैनिकी जीपमध्ये ती गोल नळी असते. फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूमध्ये ती चौकोनी, पालथ्या घातलेल्या पन्हाळीसारखी असते. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, तेलाने आणि चिखलाने लिंपलेली, पालथी पन्हाळ होती. म्हणजे कागदावरचे ‘१९४६’ खोटे ठरलेच, आणि ‘विलिज’ही खोटे ठरले. ही गाडी फोर्डची होती.

फोर्डचा आणखी एक ठसा असतो आणि तो शोधण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. फोर्डने आपल्या जीपच्या शक्य त्या प्रत्येक भागावर नागमोडी वळणाचे ‘एफ’ हे अक्षर उमटवले आहे. बोल्टच्या डोक्यावर, ब्रॅकेटवर, हुकावर, सीटच्या लोखंडावर ते सापडते. बिघडलेला भाग सैन्याकडून परत आला तर तो आपला की दुसऱ्याचा हे कळावे म्हणून ही काळजी घेतली होती, असे सांगतात. मी तारेचा ब्रश आणि रॉकेलची बाटली सोबत नेली होती. बंपरच्या एका बोल्टवरचा थर उतरवला, तर खालून बाजरीच्या दोन-तीन दाण्यांएवढे ते अक्षर वर आले. त्याच्या शेजारच्या बोल्टवर काहीच नव्हते. तिसऱ्यावर पुन्हा ‘एफ’. मग डाव्या उभ्या पट्टीच्या माथ्यावर, इंजिनाच्या माउंटिंगच्या जरा पुढे, अर्धा तास घासल्यावर ‘जीपीडब्ल्यू’ ही तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढचे आकडे दिसले. विलिजचा चासी क्रमांक बंपरमागे आतल्या अंगाला रिबिटाने ठोकलेल्या लहानशा पट्टीवर असतो. फोर्डने तो लोखंडातच ठोकून काढला, त्यामुळे तो टिकला. आकडे जुळवले तेव्हा गाडी १९४३ सालची निघाली.

जीपीडब्ल्यू या अक्षरांचा अर्थही ऐकण्यासारखा आहे. यातला ‘जी’ सरकारी कंत्राटासाठी, ‘पी’ हा फोर्डच्या पद्धतीप्रमाणे ऐंशी इंची व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेल्या, गाडीसाठी आणि ‘डब्ल्यू’ विलिजसाठी. म्हणजे फोर्डने आपल्या गाडीच्या नावातच प्रतिस्पर्ध्याचे आद्याक्षर वागवले. हे असे का झाले याची गोष्ट टोलेडोत सुरू होत नाही. ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर नावाच्या गावात सुरू होते, आणि टोलेडोत राहूनही मला ती सांगितली पाहिजे.

युरोपात युद्ध पेटल्यावर अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती. जुलै १९४०मध्ये १३५ कारखान्यांना विचारणा गेली. अटी विलक्षण होत्या: वजन १३०० पौंड, म्हणजे ५९० किलोच्या आत, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. गांभीर्याने उत्तर देणाऱ्यांत बटलरची अमेरिकन बँटम ही लहानशी कंपनी होती. छोट्या मोटारींचा तिचा धंदा बुडत आला होता आणि तिच्याकडे असा आराखडा करू शकणारा अभियंताही उरलेला नव्हता. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावून घेतले. प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत गाडीचा मुख्य आराखडा कागदावर उतरवला. २३ सप्टेंबर १९४० रोजी बँटमची माणसे नमुना स्वतः चालवत बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत पोहोचली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

गाडी पसंत पडली. पण एवढ्या लहान कारखान्याला हजारोंनी गाड्या पुरवता येतील यावर सैन्याचा विश्वास बसला नाही. बँटमच्या गाडीच्या चाचण्या सुरू असताना विलिज आणि फोर्डच्या माणसांना ती पाहू दिली गेली आणि तिचे आराखडेही त्यांच्या हाती पडले. नोव्हेंबरात या दोघांचे नमुने आले आणि ते बँटमच्या नमुन्याचे सख्खे भाऊ दिसत होते. विलिजजवळ एक गोष्ट मात्र स्वतःची होती, ती म्हणजे इंजिन. बार्नी रूस या त्यांच्या मुख्य अभियंत्याने एका जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनातून ६० अश्वशक्ती काढली होती. इंजिन दणकट होते आणि म्हणूनच जड होते. वजनाची मर्यादा तोवर २१६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९८० किलोंपर्यंत, वाढली होती, तरीही विलिजची गाडी तिच्यात बसेना. मग रूस यांनी गाडी सुटी केली आणि बोल्टची जास्तीची लांबी कापण्यापासून रंगाचे वजन धरण्यापर्यंत सगळीकडे काटकसर केली, तेव्हा ती कशीबशी बसली.

पुढचे सगळे आकड्यांत आटोपते. विलिजने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने, विलिजच्याच नकाशांवरून, पावणेतीन लाखांहून अधिक जीपा बनवल्या. दोन्ही मिळून साधारण ६ लाख ४० हजार. बँटमच्या जीपा तीन हजारांच्याही आत राहिल्या. उरलेल्या युद्धात बँटमने जीपच्या मागे जोडायच्या लहान ट्रॉल्या बनवल्या. आपल्या कल्पनेच्या मागे जोडायची ट्रॉली बनवण्याची पाळी येणे, हे दुःख कोणी मोजले असेल असे मला वाटत नाही. जीप आपणच घडवली अशा जाहिराती विलिज करू लागली, तेव्हा १९४३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९४८मध्ये तो दावा करायला मनाई केली. पण ‘जीप’ या नावाची नोंदणी १९५० साली विलिजलाच मिळाली. कल्पना बटलरची, नाव टोलेडोचे.

जाळीची गोष्ट मला याहूनही गमतीची वाटते. विलिजच्या पहिल्या पंचवीस हजारांवर एमबी जीपांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून, वेल्डिंग करून बनवलेली होती. घराच्या खिडकीला गज लावतात तसे तिचे रूप होते. ती जड होती आणि बनवायला वेळखाऊ होती. फोर्डने पत्र्याच्या एकाच तुकड्यात ठोकून नऊ उभ्या फटी पाडल्या. काम हलके झाले, स्वस्त झाले, आणि सैन्याने विलिजलाही तीच जाळी लावायला सांगितली. युद्धानंतर नागरी जीपला मोठे दिवे बसवले तेव्हा फटींना जागा उरली सातच. आज जिच्यावर या ब्रँडचा सारा मान उभा आहे ती सात फटींची मुद्रा, मुळात फोर्डच्या साच्यातून निघालेली आहे. महिंद्राने २०१८ साली मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्समध्ये रॉक्सर नावाची गाडी जोडायला सुरुवात केली तेव्हा जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीने तिच्या रूपावर हरकत घेतली, आणि २०२० साली निकाल महिंद्राच्या विरुद्ध गेला. महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला. कायद्याच्या बाजूने मला काही म्हणायचे नाही. फक्त चेहऱ्याची मालकी सांगताना बटलर आणि फोर्डचे डिअरबॉर्न या गावांची आठवण कोणाला झाली असेल का, असे मनात आले.

आता कोठारातल्या जीपकडे परत येतो, कारण प्रश्न उरलाच होता. गाडी १९४३ची फोर्ड असेल तर सात फटी, फाळका आणि ‘जे’ क्रमांकाचे इंजिन हिच्यात आले कुठून? युद्धकाळातल्या जीपला फाळका नसतोच. मागचा पत्रा सलग असतो. त्याच्यावर उजवीकडे स्टेपनी टांगलेली असते आणि डावीकडे पेट्रोलच्या डब्याचा पाळणा असतो. आप्पांनी फाळका उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि बिजागरीवर बोट ठेवले. “ह्या गाडीच्या न्हाईत. दाराच्या हाईत,” ते म्हणाले.

ते अगदी खरे होते. कोठाराच्या बाजूच्या दाराला जशा लांब पट्टीच्या बिजागऱ्या होत्या, तशाच दोन इथे होत्या. फाळक्याची कड हाताने कापलेली होती. गॅस कटरची रेघ सरळ जाता जाता एका ठिकाणी चुकली होती आणि तिथे वेल्डिंगचा थेंब गोठून राहिला होता. आतल्या अंगाला रंग खरवडला तेव्हा चार भोके दिसली, वेल्डिंगने बुजवलेली आणि कानशीने सपाट केलेली. स्टेपनीच्या ब्रॅकेटची ती भोके होती. ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्यावर नखाने टकटक केली की एका पट्ट्यात आवाज बसका यायचा, कारण तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. सैनिकी जीपच्या त्या अंगाला कुऱ्हाड आणि फावडे अडकवलेले असते. त्यांच्या खाचा आणि कड्यांच्या जागा कोणीतरी बुजवल्या होत्या.

मग मालक बोलू लागले. त्यांच्या वडिलांनी ही जीप युद्धानंतर सरकारी लिलावातल्या मालातून घेतलेल्या एका माणसाकडून विकत घेतली. नोंदणी केली ते वर्ष १९४६, म्हणून कागदावर १९४६. त्या काळी अनेक गाड्यांचे असे झाले आहे. ‘विलिज’ का, तर कारकुनाने विचारले, ही काय आहे, आणि वडील म्हणाले, जीप. कारकुनाच्या दृष्टीने जीप म्हणजे विलिज. खताची पोती चढवता यावीत म्हणून मागचा पत्रा त्यांनी स्वतः कापला. जाळी एका हिवाळ्यात बर्फ लोटताना कुंपणाच्या खांबावर आपटून चेपली, तेव्हा भंगारातल्या सीजे-२एची आणून बसवली. इंजिनाचे पाणी काढायचे एका रात्री राहून गेले. पाणी गोठले आणि ब्लॉक तडकला. दुसरे इंजिन मिळाले ते नागरी जीपचे, ‘जे’चे. ब्लॉकच्या पुढच्या उजव्या अंगाला जो क्रमांक मी इतक्या विश्वासाने वाचला होता, तो त्या थंडीच्या रात्रीचा दाखला होता.

हे ऐकताना मला माझ्याच शब्दांची थोडी लाज वाटली. जुन्या गाड्यांच्या आमच्या वर्तुळात ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळणे, हा शब्द मंत्रासारखा म्हटला जातो. फोर्डच्या जीपमध्ये चासी आणि इंजिनाचा क्रमांक मुळात एकच असायचा, त्यामुळे तिथे या मंत्राला आधार तरी आहे. विलिजच्या एमबीमध्ये हे दोन क्रमांक कारखान्यातून निघतानाही वेगवेगळे असत. आणि सैन्याला ही जुळणी हवीच कुठे होती? दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत बसावेत म्हणूनच तर एकच नकाशा दोघांना दिला होता. छावण्यांच्या दुरुस्तीतळांवर इंजिने, ॲक्सल, मडगार्ड या गाडीतून त्या गाडीत जात होते. १९४४पासून तर दोन्ही कंपन्यांना बॉडीच इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या एकाच कारखान्यातून मिळू लागली, आणि त्या बॉडीत दोघांच्याही पद्धतींची सरमिसळ होती. शुद्ध एमबी आणि शुद्ध जीपीडब्ल्यू यांच्यातली सोवळी-ओवळी युद्ध संपल्यावर सुरू झाली, आणि ती आम्ही हौशी लोकांनी सुरू केली. जिचा आराखडा बँटमचा, इंजिन विलिजचे आणि जाळी फोर्डची, त्या गाडीत निर्भेळ काय शोधायचे?

आप्पांना या वादात रस नव्हता. ते तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते. स्टीअरिंग डावीकडे असल्यामुळे त्यांचे हात दोन क्षण चुकीच्या बाजूला गेले, मग गिअरच्या दांड्यापलीकडचे दोन छोटे दांडे त्यांना सापडले. “ह्यो फोरव्हीलचा आन् ह्यो स्पेशलचा,” त्यांनी मला शिकवल्यासारखे सांगितले. “पुढची चाकं जोडल्याबिगर स्पेशल पडत न्हाई. उगं ताकद लावायची न्हाई, दांडा वाकतो.” त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ओढ वाटून देणाऱ्या पेटीत, तशी अटकावाची सोयच आहे: पुढच्या ॲक्सलला ओढ दिलेली नसेल तर संथ, ताकदीचा गिअर पडत नाही, म्हणजे सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येत नाही. १९४३ सालच्या ओहायोतल्या गाडीचे हे कुलूप आप्पांना साताऱ्याच्या घाटात कळले होते. पुढे ते खाली वाकून मागचा ॲक्सल पाहू लागले. डिफरन्शियलचा फुगवटा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला आहे हे पाहून ते खूश झाले. “आपल्यावानीच हाय की! फकस्त बॉनेट बसकं हाय.”

बॉनेटचे कारण मी त्यांना सांगितले आणि ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. या जीपच्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात, त्यामुळे इंजिन बुटके असते आणि बॉनेट बसके राहते. पुढे विलिजने हरिकेन नावाचे इंजिन काढले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही वाढली. १९५३ साली ते सीजे-३बी या गाडीत बसवायचे ठरले तेव्हा बाकीच्या गाडीला फारसा हात न लावता फक्त बॉनेट आणि जाळी उंच केली. अमेरिकेत ती गाडी कोणाला फारशी सुंदर वाटली नाही. तिच्या तेथल्या सगळ्या वर्षांत दीड लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि १९६८मध्ये ती बंद झाली. भारतात मात्र महिंद्राने नेमकी तीच उचलली. महिंद्रांचा आणि बार्नी रूस यांचा परिचय युद्धाच्या दिवसांत अमेरिकेतच झाला होता, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईच्या माझगावात विलिजच्या सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात झाली होती. तहसीलदार, फौजदार, धरणावरचे इंजिनीअर, निवडणुकीच्या पेट्या, वऱ्हाडी आणि वडापची पंधरा माणसे ज्या उंच नाकाच्या जीपने वाहिली, ती ही. अमेरिकेत ती संग्राहकांची वस्तू झाल्यानंतरही आपल्याकडे कित्येक वर्षे नवी कोरी मिळत होती. आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हंजे आपली धाकटी.”

किमतीचे बोलणे लांबले नाही. गाडी विलिज नसून फोर्ड आहे, नागरी नसून सैन्याची आहे, हे मी मालकांना सांगून टाकले. लपवून घासाघीस करण्याचा मोह झाला नाही असे नाही; पण आप्पा शेजारी उभे होते. मालक म्हणाले, आमच्या वडिलांनी हिला आयुष्यभर ‘ट्रॅक्टर’च म्हटले. आम्ही एका आकड्यावर थांबलो आणि पुढच्या शनिवारी ट्रेलर आणून मी जीप घरी नेली.

पुढचे तीन आठवडे आप्पा आणि मी गॅरेजमध्ये बॉनेटवर काम करत होतो. सैनिकी जीपच्या बॉनेटच्या दोन्ही अंगांना नोंदणी क्रमांक रंगवलेला असायचा आणि या वर्गातल्या गाड्यांचा क्रमांक वीसने सुरू व्हायचा. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने, तळहाताएवढ्या गोलात, एकेक थर उतरवायचा असतो. जोर जास्त झाला तर क्रमांकही थराबरोबर जातो. सगळ्यात वर ट्रॅक्टरचा लाल रंग होता. त्याखाली राखाडी, मग एक हिरवा, मग पुन्हा कुठलासा प्रायमर, आणि शेवटी तो मातकट, निस्तेज हिरवा, ज्याला इकडे ऑलिव्ह ड्रॅब म्हणतात. सरकारी गाडीचे लॉगबुक सत्तावीस वर्षे रोज भरलेल्या माणसाला आकड्यांची सवय असते. पांढुरका डाग मला अजून डागच दिसत असताना आप्पांनी वाचला: “दोन. शून्य.” पुढचे तीन आकडे लागले, चौथा अर्धा लागला आणि उरलेल्या जागी कोण्या काळी भरलेली लांबी निघाली. शिवाय बॉनेट तरी मूळचे याच गाडीचे कशावरून, ही शंका मी बोलून दाखवली. आप्पांनी पॉलिशपेपर पाण्यात पिळला आणि म्हणाले की तसे असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा नंबर आपण वाचला, वाया काय गेले?

नऊ फटींची जाळी मी आणवली आहे. ती खोक्यातच आहे. मागच्या पत्र्याचा नवा सलग तुकडाही मिळतो, आणि या विषयातले माझे मित्र तो लवकर बसवून घे म्हणतात, कारण फाळका असलेली जीपीडब्ल्यू कुठल्याही प्रदर्शनात धरत नाहीत. आप्पा भारतात परतले त्याला आता दोन वर्षे होतील. दर रविवारी फोन येतो, सुनेची, नातवंडांची विचारपूस होते, आणि फोन ठेवण्याआधी ते विचारतात की बिजागऱ्यांना तेल दिलेस का. मागच्या रविवारी दिले. डावीकडची अजून थोडी करकरते.